गावातला दगड आधी, मेळावा नंतर

तुमचा प्रश्न इतरांच्याही उपयोगाचा आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही मूळचे सांगलीचे, सहा वर्षांपासून इंग्लंडच्या डर्बीशायर जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहता. तिथल्या चर्चच्या आवारात अँग्लो-सॅक्सन काळातल्या (साधारण पाचव्या शतकापासून १०६६ पर्यंतच्या) दगडी क्रूसाचा मोडका खांब उभा आहे, कमरेएवढा. लोक त्याला सायकली टेकवतात. तुमची मुलगी इयर फोरमध्ये आहे, म्हणजे आठनऊ वर्षांची. शाळेत तिनं सटन हूला जमिनीतून निघालेलं प्रसिद्ध सॅक्सन शिरस्त्राण पुठ्ठ्यातून केलं, पण या खांबाबद्दल तिला कुणी चकार शब्द सांगितला नाही. तुम्ही पालकसभेत विषय काढलात आणि जबाबदारी तुमच्याच गळ्यात पडली, पुढच्या उन्हाळ्यात ‘सॅक्सन मेळावा’ भरवा म्हणून. इतिहास तुमचा विषय नाही, हातात पैसा नाही, आणि बाहेरून आलेल्या माणसानं इथल्या लोकांना त्यांचाच इतिहास सांगावा का, ही रुखरुख आहे. सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली एकवीस वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्स भागात हेच काम करते. संग्रहालयांचे शिक्षण विभाग, शाळा आणि गावोगावचे विणकामाचे, मातीकामाचे, गाण्याचे गट यांना एकत्र आणायचं आणि गावाच्या जुन्या काळाशी त्यांची ओळख करून द्यायची. त्या अनुभवावरून माझं उत्तर आधीच सांगून टाकते: पुढच्या उन्हाळ्यात मेळावा घेऊ नका. एक वर्ष त्या खांबाला द्या. मेळावा मग आपोआप सुचेल, आणि तो वेगळा असेल.

का, ते सांगते. तुमची खरी अडचण मेळाव्याची नाहीच. शाळेतले अँग्लो-सॅक्सन आणि गावातले अँग्लो-सॅक्सन यांची गाठच पडत नाही, ही अडचण आहे. इंग्लंडच्या अभ्यासक्रमात सात ते अकरा वर्षांच्या मुलांना अँग्लो-सॅक्सनांची वस्ती, व्हायकिंगांशी झालेला संघर्ष, एडवर्ड द कन्फेसर या राजापर्यंतचा काळ, हे सगळं आहे. शिवाय ‘स्थानिक इतिहासाचा अभ्यास’ हा स्वतंत्र भागही आहे. पण शिक्षकांकडे तयार चित्रं असतात ती सटन हूची. १९३९ साली दूर पूर्व किनाऱ्यावरच्या सफोकमध्ये सापडलेलं ते जहाजातलं दफन अद्भुत आहे, यात वाद नाही. पण डर्बीशायरमधल्या मुलीला त्यातून एवढंच कळतं की इतिहास सफोकमध्ये घडला. स्थानिक इतिहास म्हटलं की शाळा कापडगिरण्या, रेल्वे नाहीतर दुसरं महायुद्ध निवडते, कारण त्यांचे फोटो मिळतात. या दोन्हींच्या मधल्या फटीत तुमचा खांब पडलाय.

आणि तो एकटा नाही. अँग्लो-सॅक्सन लोक घरं, सभागृहं, बरीचशी चर्चही लाकडाची बांधत. त्यांच्या भाषेत ‘बांधणे’ या क्रियापदाचं मूळच लाकूड हे होतं. लाकूड कुजलं. दगडी होतं त्यातलं बरंच, १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांनी नंतर पाडून मोठं केलं. जे उरलं ते लोकांच्या वापरात विरघळून गेलं. विल्टशायरमधल्या ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला सेंट लॉरेन्सचं अख्खं सॅक्सन चर्च इतर इमारतींच्या गर्दीत हरवलं होतं. एका भागात शाळा भरायची, दुसऱ्या भागात बिऱ्हाड राहायचं. १८५०च्या दशकात तिथल्या पाद्र्यानं ते ओळखलं. तुमच्याच जिल्ह्यात ब्रॅडबर्नचा क्रूस फोडून त्याच्या तुकड्यांतून आवारात शिरायची अरुंद वाट केली होती. वर्कस्वर्थला १८२० साली चर्चच्या फरशीखाली एक कोरीव शिळा सापडली, कोरलेली बाजू खाली करून एका सांगाड्यावर पालथी घातलेली. रेप्टनला १७७९ साली कबर खणणारा कामगार खाली कोसळला आणि जिथे जाऊन पडला ते मर्सिया या मध्य इंग्लंडातल्या सॅक्सन राज्याच्या राजघराण्याचं तळघर होतं.

या गोष्टी मी मुद्दाम सांगतेय. वस्तू वापरात राहिली म्हणून टिकली, हे यांतल्या बऱ्याच जागी खरं आहे. म्हणून सायकली टेकवणाऱ्या शेजाऱ्यांना रागावून सुरुवात करू नका. मी एका गावात तशी सुरुवात झालेली पाहिली आहे. एका सद्गृहस्थांनी पहिल्याच सभेत ‘तुम्हाला आपल्या वारशाची किंमत नाही’ असं सुनावलं. पुढच्या सभेला चार माणसं आली.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी बोलू. खांब चर्चच्या आवारात आहे, म्हणजे पॅरिश चर्च कौन्सिलशी, त्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीशी, बोलल्याशिवाय काही करता येणार नाही. तो संरक्षित स्मारकांच्या यादीत असेल तर नियम आणखी कडक. शाळेची मुख्याध्यापिका उत्साही असेल तर एका सत्रात काम उभं राहतं, नसेल तर ग्रंथालयातून सुरुवात करावी लागते. आणि खांब खरोखर त्या काळातला आहे का, हेही तपासायला हवं. क्वचित असं होतं की गाव पिढ्यान्‌पिढ्या ज्याला सॅक्सन म्हणत आलं, तो दगड नंतरचा निघतो. तसं झालं तरी निराश होऊ नका, पण मुलांना शिकवायच्या आधी ते कळलेलं बरं.

तपासायचं कसं? इंग्लंडमधल्या सॅक्सन कोरीव दगडांची एक प्रचंड सूची आहे. डरहॅम विद्यापीठात प्राध्यापक रोझमेरी क्रॅम्प यांनी ती सुरू केली, पहिला खंड १९८४ साली निघाला. डर्बीशायर आणि स्टॅफर्डशायरचा खंड २०१८चा आहे. त्यात तुमचा खांब असेल तर त्याची उंची, दगडाचा प्रकार, नक्षीचं वर्णन, अंदाजे काळ सगळं मिळेल. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पुरातत्त्व नोंदींचा एक विभाग असतो, त्याला साधी ईमेल पाठवा. आणि ‘फाइंड्स लिएझॉन ऑफिसर’ नावाचा माणूस प्रत्येक भागात असतो. शेतात कुणाला जुनी वस्तू सापडली तर तो नोंद करतो. तुमच्या शिवारात काय काय सापडलंय, हे तो सांगू शकेल. ही मंडळी मदतीला उत्सुक असतात, विचारणारेच कमी.

यानंतर माझी सगळ्यात आवडती पायरी येते. खांब पाहायला जा, पण अंधार पडल्यावर.

दुपारच्या उजेडात झिजलेला दगड नुसता करडा ठोकळा दिसतो. अंधारात एक साधी बॅटरी दगडाच्या अगदी कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि हळूहळू फिरवा. उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि कोरीवकाम वर येतं. मी एका गावात तेवीस मुलं आणि त्यांचे पालक घेऊन नोव्हेंबरच्या संध्याकाळी अशी उभी होते. आधी दोरखंडाच्या वेटोळ्यांसारखी गुंफण दिसली. मग एका मुलीनं बॅटरी खाली नेली आणि ओरडली, “पाय आहेत!” खरंच, झग्याच्या काठाखाली दोन पावलं होती. त्या गावात जन्म काढलेल्या पंचाहत्तर वर्षांच्या आजोबांनी ती पावलं कधी पाहिली नव्हती. ते बराच वेळ तिथेच उभे राहिले. पुढची दोन वर्षं त्या प्रकल्पाचा कणा तेच होते. शिक्षणाची एवढी स्वस्त आणि एवढी खोल रीत मला दुसरी सापडलेली नाही.

त्याच वेळी मुलांना चार गोष्टी बजावून सांगा. दगडावर कागद ठेवून खडू घासायचा नाही, रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडूनं रंगवायच्या नाहीत, शेवाळ खरवडायचं नाही, आजूबाजूला खणायचं नाही. मोबाइलवर सर्व बाजूंनी शेदोनशे फोटो काढले तर फुकटच्या सॉफ्टवेअरमधून त्रिमिती प्रतिकृती तयार होते. तुमच्या पालकांत एखादा तरी संगणकवाला असेलच. दगडाला हातही न लावता मुलं तो पडद्यावर फिरवून पाहतील.

आता कलेकडे वळते. माझी स्वतःची चूक आधी सांगायला हवी. माझ्या पहिल्या प्रकल्पात वेळ कमी होता, उन्हाळी जत्रेची तारीख ठरलेली होती. आम्ही चाळीस पुठ्ठ्याच्या ढाली केल्या, शिंगांची शिरस्त्राणं केली. सॅक्सन किंवा व्हायकिंग योद्ध्यांनी अशी शिंगं लढाईत घातल्याचा पुरावा नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मुलं खूश होती. पण त्या गावातला कोरीव दगड तिथून पन्नास पावलांवर होता आणि दिवसभरात एकही मूल तिकडे फिरकलं नाही. ती ढाल इंग्लंडच्या कुठल्याही गावात चालली असती, त्या गावाचं तिच्यात काही नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक उपक्रमाला एकच कसोटी लावते: हे शेजारच्या गावाला जसंच्या तसं उचलून नेता येईल का? येत असेल तर ते अजून तयार नाही.

त्यामुळे तलवारवाल्यांना बोलावण्याआधी टकळीवाली बोलवा. तलवार त्या काळी थोड्यांकडे होती. टकळीची चकती मात्र घरोघरी होती आणि शेतांतून अजूनही सापडते. आपल्याकडे शाळेत टकळीवर सूत काढायची एक परंपराच होती. तुमच्या आईवडिलांना विचारा, त्यांना हात आठवत असेल. तासाभरात मुलाला हातभर ओबडधोबड लोकरीचा धागा निघतो, तोही दहा वेळा तुटून. मग त्याला विचारा, अंगरख्याला असा किती धागा लागेल? आणि जहाजाच्या शिडाला? त्या प्रश्नानंतर वर्गात जी शांतता पसरते, ती कुठल्याही धड्यानं पसरत नाही. त्या काळच्या बायकांचं आयुष्य कशात गेलं हे त्यांना बोटांतून कळतं.

पुढचं पाऊल रंगाईचं. मंजिष्ठाच्या कुळातल्या मॅडर नावाच्या मुळापासून लाल, वेल्डपासून पिवळा, वोडपासून निळा. वोडमधलं निळं द्रव्य आणि आपल्या निळीतलं द्रव्य एकच आहे. लोकर बाहेर काढली की पिवळट हिरवी असते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळी होते. लहान मोठे सगळे तिथे थांबतात.

पण या सगळ्याचं शेवटी काहीतरी एक व्हायला हवं, आणि ते गावात राहायला हवं. एसेक्समधल्या मॉल्डनला ९९१ साली व्हायकिंगांशी लढाई झाली. तिला हजार वर्षं झाली तेव्हा, १९९१ साली, तिथल्या बायकांनी टाक्याटाक्यानं बेचाळीस फुटांचा भरतकामाचा पट पुरा केला. हम्फ्री स्पेंडर या कलाकारानं आरेखन केलं होतं. लढाईपासून १९९१ पर्यंतचं सगळं मॉल्डन त्यात आहे. हे माध्यमही तिथलंच आहे. १०६६च्या नॉर्मन विजयाची गोष्ट सांगणारा जो पट, ज्याला बायो टॅपेस्ट्री म्हणतात, ते मुळात लिननच्या कापडावरचं लोकरीचं भरतकाम, आणि बहुतेक अभ्यासक मानतात की ते इंग्लंडमध्येच झालं. डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये सोन्याच्या तारेनं भरलेली दोन धर्मवस्त्रं आहेत, दहाव्या शतकाच्या सुरुवातीची. त्यांवर टाक्यांतूनच लिहिलंय की राणी एल्फ्लॅडनं ती बिशप फ्रिथस्टन यांच्यासाठी करवून घेतली. हजारावर वर्षांपूर्वीच्या एका बाईचं नाव सुईनं लिहिलेलं वाचायला मिळतं. मी गटांना पहिल्या दिवशी त्याचा फोटो दाखवते.

माझ्या गटांत मी असं करते: वीतभर लिननचे चौकोन, दर बुधवारी दोन तास ग्रंथालयात, जो येईल त्याला सुई. कुणी एक चौकोन करतं, कुणी पाच. आमच्यात एक नियम आहे. तो मी एका शिक्षिकेबरोबर बसून बनवला आणि तेव्हापासून सोडलेला नाही. जे ठाऊक आहे ते गडद दोऱ्यानं भरायचं, जे आपण कल्पिलं ते फिक्या दोऱ्यानं. क्रूसावरची पावलं गडद. त्यांच्या वरचा माणूस झिजून गेलाय, तो कसा असेल ते फिक्यानं. झग्याचा रंग फिक्यानं.

रंगाचं उदाहरण घ्या. हे क्रूस आज दिसतात तसे उघडे करडे नव्हते, त्यांतल्या निदान काहींना रंग दिलेला असे. लिचफील्डच्या कॅथीड्रलमध्ये २००३ साली जमिनीखाली देवदूताची शिळा सापडली, इसवी सन ८००च्या आसपासची, तीन तुकड्यांत. इतकी वर्षं जमिनीत राहिल्यामुळे तिच्यावर तांबड्या रंगाचे अंश अजून आहेत. मग तुमच्या खांबाला रंग होता का? असावा. कुठला? माहीत नाही. इथेच कलेला जागा मिळते. प्रत्येक मुलानं कागदावर आपला खांब रंगवावा, आणि एका रात्री ती चित्रं साध्या प्रोजेक्टरनं दगडावर पाडावीत. दगडाला काही होत नाही आणि पाच मिनिटांत खांब दहा वेळा कपडे बदलतो. आम्ही हे केलं तेव्हा एका मुलानं विचारलं, “यातला खरा कुठला?” त्या एका प्रश्नासाठी सगळा खटाटोप सार्थकी लागला असं मला वाटलं.

भरतकामात तुमच्यासारख्या घरांचंही सहज येणं होतं. आमच्या एका गटात पोलिश आजी होत्या, एक जमैकन निवृत्त नर्स होती, आणि माझ्या ओळखीच्या एका मराठी काकू गोधडीच्या धावदोऱ्यानं कडा भरत. कुणी कुणाला ‘विविधता’ शिकवायला बसलं नव्हतं. सुई ओवता ओवता गप्पा होत.

ज्यांना हातकाम नको त्यांच्यासाठी शब्द आहेत. एक्सेटरच्या कॅथीड्रलमध्ये दहाव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे. त्यात नव्वदहून जास्त कोडी आहेत. आपल्या आज्या घालायच्या त्या कोड्यांसारखीच, वस्तू स्वतःच बोलते आणि ‘मी कोण?’ विचारते. एका कोड्यात किडा शब्द खातो आणि तरीही शहाणा होत नाही: पुस्तकातली कसर. मुलांना सांगा, गावातल्या वस्तूंची अशी कोडी करा, पुलाचं, बसथांब्याचं, खांबाचं. घरी जी भाषा बोलता तीत करा. ती दुकानांच्या काचांत लावा, उत्तर शोधत लोक गावभर फिरतील. खर्च कागदाचा.

गावांची नावं हा आणखी एक नाद आहे, ज्याला गोडी लागली तो सुटत नाही. वाडी, बुद्रुक, खुर्द ऐकून आपल्याला जसं काही कळतं तसं इथेही कळतं. शेवटी ‘टन’ म्हणजे वाडा किंवा शेतवस्ती, ‘ली’ म्हणजे रानातली मोकळी जागा, ‘बी’ आलं तर डेनिश लोकांची, म्हणजे डेन्मार्ककडून आलेल्या व्हायकिंगांची, वस्ती. डर्बी हे नाव स्वतःच डेनिश आहे, त्याआधी इंग्रजीत त्या जागेला नॉर्थवर्थिग म्हणत. मॅटलॉकजवळचं वेन्झली म्हणजे वोडन देवाचं रान, ज्याच्या नावाचा वेन्झडे अजून आपण कॅलेंडरवर वाचतो. आणि जमिनीच्या दानपत्रांत चतुःसीमा असत, अगदी आपल्या ताम्रपटांसारख्या: या ओढ्यापासून त्या जुन्या ओकपर्यंत, तिथून अमक्याच्या खड्ड्यापर्यंत. तुमच्या गावाची अशी सनद मिळाली तर ती सीमा पायी चालता येते, माझ्या अनुभवात याहून चांगली सहल नाही. वूस्टरशायर, हॅम्पशायरकडे अशा सनदा पुष्कळ आहेत. उत्तरेकडे गेलो की विरळ होतात, म्हणून यावर फार आशा ठेवू नका.

शाळेला एखादी व्यक्ती हवीच असते. तुमच्या भागासाठी माझी निवड ठरलेली आहे: मर्सियाची एथेलफ्लॅड, दक्षिणेकडच्या वेसेक्स राज्याचा राजा आल्फ्रेड याची मुलगी. नवरा गेल्यावर ९११ पासून तिनं राज्य चालवलं, तटबंदीची ठाणी उभारली आणि ९१७ साली डर्बी डेनिश सैन्याकडून घेतलं. ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ या त्या काळच्या वर्षवार इतिवृत्तात एक ओळ आहे की दरवाज्याच्या आत तिचे चार सरदार मारले गेले, आणि ते तिला प्रिय होते. एवढ्या कोरड्या नोंदींत ‘प्रिय’ हा शब्द कुणी का लिहिला असेल, यावर मी आठ वर्षांच्या मुलांना पाऊण तास बोलताना ऐकलंय. पुढच्या वर्षी लेस्टर लढाईशिवाय तिच्या हाती आलं आणि त्याच जूनमध्ये टॅमवर्थला ती वारली. वेसेक्समध्ये लिहिल्या गेलेल्या मुख्य इतिवृत्तानं तिला फारशी जागा दिली नाही. मर्सियातल्या काही थोड्या नोंदी जपल्या गेल्या म्हणून ती आपल्याला कळते. टॅमवर्थच्या किल्ल्यापाशी १९१३ साली तिचा पुतळा उभारला, आणि २०१८ साली, तिच्या मृत्यूला अकराशे वर्षं झाली तेव्हा, रेल्वे स्टेशनाबाहेर दुसरा. एकाच माणसाला शहरानं दोनदा आठवलं. डर्बीशायरमधल्या मुलांना मात्र मी विचारते तेव्हा तिचं नाव क्वचितच कुणाला ठाऊक असतं.

इथवर काय झालं? खांब तपासला, रात्री पाहिला, त्याच्यावरून काहीतरी घडवलं, आणि आजूबाजूच्या नावांशी, माणसांशी जोडला. तुमच्या सगळ्यात अवघड प्रश्नाकडे आता येते: मला हक्क आहे का?

आहे. मी स्वतः पहिली पाच वर्षं या प्रश्नाशी झगडले, म्हणून हलकं उत्तर देत नाही. तो दगड ज्या गावात आहे तिथे तुम्ही राहता, तुमची मुलगी तिथे मोठी होते आहे. गावच्या वस्तूची काळजी घ्यायला याहून जास्त काही लागत नाही. ज्यांनी तो कोरला त्यांचे पूर्वजही समुद्रापलीकडून आले होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधल्या त्या काळच्या माणसांचा सरासरी तीन चतुर्थांश वंश उत्तर समुद्राच्या पलीकडचा निघाला. केंटमध्ये अपडाउन इथे सातव्या शतकात पुरलेल्या एका मुलीच्या घराण्यात पश्चिम आफ्रिकेतला पूर्वज होता, आणि तो फार मागचा नाही, आजोबा-आजीच्या पिढीतला. गावानं तिला इतरांसारखंच पुरलं, सोबत मडकं, सुरी, फणी. कॅंटरबरीची शाळा नावारूपाला आणणारे दोघे म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या तार्ससहून आलेला थिओडोर आणि उत्तर आफ्रिकेचा हेड्रियन. २००९ साली स्टॅफर्डशायरमध्ये सापडलेल्या सोन्याच्या ठेव्यात जे लाल गार्नेट जडवलेत, त्यांतले मोठे खडे भारतीय उपखंडातून आले असावेत असं तपासणीतून दिसतं. बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात मुलीला घेऊन जा आणि ते दाखवा.

इथे मात्र सावध राहा. हे दाखले खरे आहेत म्हणून द्या, आपली सोय होते म्हणून फुगवू नका. आल्फ्रेडनं ८८३ साली भारतात दान पाठवलं, असं इतिवृत्ताच्या काही प्रतींत आहे. पण तो शब्द ‘इंडिया’ की ‘ज्युडिया’ यावर अभ्यासकांत वाद आहे. मी ही गोष्ट सांगते, आणि वादासकट सांगते. फिक्या दोऱ्याचा नियम आपल्यालाही लागू आहे. भाषेचा दुवा मात्र पक्का आहे. त्यांचा ‘सुनु’ म्हणजे मुलगा, संस्कृतात सूनु. त्यांची ‘विदुवे’ म्हणजे विधवा. त्यांचं ‘मेओदु’ नावाचं मधाचं पेय आणि आपलं मधु एकाच घरातले. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की तुमच्या मुलीची मान ताठ होईल.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘अँग्लो-सॅक्सन’ हा शब्द काही लोक वंशाच्या अभिमानासाठी वापरतात. या विषयातल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासकांच्या संघटनेनं २०१९ साली त्यावरून आपलं नावच बदललं. मी शाळांत हा शब्द वापरते, कारण अभ्यासक्रमात तोच आहे, पण जाहिरातीत शक्यतो गावाचं नाव पुढे ठेवते. एकदा आमच्या फलकावर, सॅक्सनांचं चिन्ह म्हणून मिरवल्या जाणाऱ्या पांढऱ्या ड्रॅगनचं चित्र होतं, छान दिसतं म्हणून घेतलेलं. ते पाहून बाहेरगावची चार माणसं आली आणि त्यांनी आमच्या एका स्वयंसेविकेला ‘तू इथली नाहीस’ असं सुनावलं. त्या आजोबांनी, तेच ते पावलं पाहिलेले, शांतपणे सांगितलं की या पटावरचे सर्वांत जास्त चौकोन तिनंच भरलेत. ड्रॅगन आम्ही काढून टाकला. तुम्ही चिन्ह निवडाल तर तुमच्या खांबावरचंच निवडा, त्याच्यावर दुसऱ्या कुणाचा दावा नाही.

पैशाचं थोडक्यात. पहिल्या वर्षाला लागतं ते दोरा, लोकर, कागद आणि चहा. एवढं पॅरिश कौन्सिल (म्हणजे तिथली ग्रामपंचायत) किंवा पालक समिती देते. नॅशनल लॉटरीच्या पैशातून वारशासाठी आणि कलेसाठी वेगवेगळे निधी आहेत. त्यांच्याकडे दुसऱ्या वर्षी जा, फोटो आणि हजेरीची वही घेऊन. मर्यादा आणि अटी बदलत राहतात, त्या त्यांच्या संकेतस्थळावर ताज्या पाहा. शाळेशी बोलायचं ते जूनच्या आत, कारण सप्टेंबरचं नियोजन तेव्हा ठरतं. मुलांबरोबर नियमित काम करणाऱ्या मोठ्यांची डीबीएस तपासणी (मागचे गुन्हे आहेत का याची सरकारी पडताळणी) लागते, तिला वेळ लागतो. आवारात कायमचं काही लावायचं असेल, अगदी छोटा फलकसुद्धा, तर चर्चची वेगळी लेखी परवानगी लागते आणि तिला महिने जातात. म्हणून फलकाचा विषय पहिल्या वर्षी काढू नका.

हिवाळ्यात एक शनिवार मोकळा ठेवा आणि पाचसहा पालकांना घेऊन रेप्टनचं तळघर पाहून या. ते लहान आहे, पिळदार खांबांवर पेललेलं, दगडी जिन्याच्या पायऱ्या वापरून झिजलेल्या. तिथून ब्रीडन-ऑन-द-हिल जवळ आहे. खाणीनं अर्धी टेकडी खाल्ली आहे, वर चर्च उभं आहे आणि आत भिंतींत बाराशे वर्षांपूर्वीचे पक्षी, द्राक्षवेली, घोडेस्वार. वेळ उरला तर बेकवेल, तिथे चर्चच्या पोर्चमध्ये असे कोरीव तुकडे रचून ठेवलेत. समिती बनवायची असेल तर ती अशा सहलीत बनते, सभेत नाही.

आणि आधी चर्चच्या वॉर्डनना फोन करा. एवढंच सांगा की संध्याकाळी साडेपाच वाजता मुलीला घेऊन खांब पाहायला यायचं आहे, तुम्हीही या. दोन बॅटऱ्या न्या, एक त्यांच्या हातात द्या. उजेड खालून, कडेनं धरायला सांगा. काय दिसलं ते मला कळवा, फोटो असेल तर नक्षी वाचायला मी मदत करेन.